दहा वर्षे की सात?

माझ्या नवऱ्याच्या आजोळचा मूळपुरुष सतराव्या शतकात इंग्लंडहून व्हर्जिनियात आला, एवढेच त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते. त्याची जन्मनोंद मिळेल ही आशा आम्ही लवकरच सोडली आणि काउंटी, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, न्यायालयाच्या दप्तराकडे वळलो. हे दप्तर सगळीकडे शाबूत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी म्हणून अनेक काउंट्यांनी आपले कागद व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडला, पाठवले आणि एप्रिल १८६५ च्या आगीत नेमके तेच जळाले. याउलट नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या नोंदी १६३२ पासून सलग टिकून आहेत. आमची काउंटी या दोन टोकांच्या मधली निघाली. काही वह्या गहाळ असल्या, तरी बऱ्याच हाती लागल्या.

या न्यायालयात बसणारे न्यायाधीश कायदा शिकलेले नसत, ते तिथलेच जमीनदार असत. कर्जाची वसुली, मृत्युपत्रे, जमिनीची खरेदीखते, अनाथ मुलांचे पालकत्व, शिवीगाळ, डुकरांची चोरी असे सगळे त्यांच्यापुढे येई आणि दंड बहुधा तंबाखूच्या पौंडांत ठरे. त्यामुळे ज्या सामान्य माणसाने स्वतः कधी खटला भरला नाही, त्याचेही नाव शेजाऱ्याच्या भांडणात साक्षीदार म्हणून सापडते. आमचा माणूस असाच सापडला. १६८९ मध्ये कुंपण मोडल्याच्या एका तक्रारीत त्याने साक्ष दिली होती आणि कारकुनाने रिवाजाप्रमाणे आरंभीच त्याचे वय लिहिले होते : ‘चौतीस वर्षे किंवा त्याच्या आसपास’.

मात्र त्याच नावाचे दोन इसम त्या वह्यांत वावरत होते, एक ‘थोरला’ आणि एक ‘धाकटा’. हे बापलेक असणार असे आम्ही गृहीत धरले आणि त्यात दोन महिने वाया घालवले. त्या काळी एका नावाचे दोघे एकाच भागात राहत असले, की वयाने मोठा तो थोरला एवढाच त्या शब्दांचा अर्थ असे. नाते असायलाच हवे असे नव्हते. गुंता सुटला तो गुरांच्या कानांमुळे. गुरेढोरे रानात मोकळी चरत, म्हणून प्रत्येक मालक कान कापण्याची आपली खूण न्यायालयात नोंदवून ठेवी. थोरल्याची खूण होती उजव्या कानाचे टोक छाटलेले, तर धाकट्याची डाव्या कानाला चीर आणि खाली एक खाच. कुंपणाच्या तक्रारीतल्या साक्षीदाराने आपली गाय ओळखताना ही चीर आणि खाचच सांगितली होती. तो धाकटा होता.

मग मागे जात जात फेब्रुवारी १६७१ ची त्याची एक नोंद सापडली. तारखेची गल्लत मीच केली. १७५२ पर्यंत तिथे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६७२ चा ठरतो, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. नोंद जेमतेम दोन ओळींची आहे : अमक्याचा नोकर न्यायालयापुढे हजर करण्यात आला, त्याचे वय चौदा ठरवण्यात आले, त्याने कायद्याप्रमाणे सेवा करावी. असे नोकर प्रवासखर्चाच्या बदल्यात धन्याकडे ठरावीक वर्षे राबत. तो कायदा १६६६ चा. लेखी करार न करता आलेला नोकर एकोणीस वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर त्याने पाच वर्षे राबावे. लहान असेल, तर चोवीस पूर्ण होईपर्यंत. कागद नसलेल्या मुलाचे वय न्यायाधीश समोर पाहून ठरवत, आणि वय जितके कमी ठरेल तितका धन्याचा लाभ.

चौदा ठरल्यामुळे धाकट्याच्या वाट्याला दहा वर्षे आली. पण १६८९ मध्ये तो चौतीसचा होता, हे त्याचे स्वतःचे म्हणणे धरले, तर १६७२ मध्ये तो सतरा वर्षांचा होता आणि सातच वर्षे पुरली असती. ‘आसपास’ या शब्दाला एखादे वर्ष सोडून दिले, तरी फरक उरतोच. लांबच्या प्रवासात अर्धपोटी राहिलेला मुलगा वयापेक्षा लहान दिसला असेल, असे नवऱ्याचे मत आहे. न्यायाधीश आणि धनी एकाच वर्गातले होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कानाची खूण त्याने नोंदवली ती १६८३ मध्ये, म्हणजे ती दहाही वर्षे पुरी भरल्यानंतर.