परदेशात पोस्टकार्ड जात नाही, मॅडम

कोल्हापुरातून पाठवलेलं माझं पहिलं पोस्टकार्ड जर्मनीत पोचायला १९ दिवस लागले. तेच कार्ड माझ्या टेबलावरून घराजवळच्या पोस्टाबाहेर पडायला मात्र ११ दिवस लागले होते. पोस्टक्रॉसिंगवर लिहिणारे सगळे त्या १९ दिवसांचं कौतुक करतात. मला त्या ११ दिवसांबद्दल बोलायचंय, कारण सहा महिने झाले तरी राग उतरलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोस्टक्रॉसिंग म्हणजे अनोळखी माणसांना पोस्टकार्डं पाठवायचा उद्योग. पाउलो मागाल्याइंश नावाच्या एका पोर्तुगीज विद्यार्थ्याने जुलै २००५ मध्ये तो सुरू केला. साइटवर नाव नोंदवून पत्ता मागायचा. जगातल्या कुठल्यातरी सभासदाचा पत्ता मिळतो आणि सोबत एक नंबर. आपल्या देशातून जाणाऱ्या कार्डाचा नंबर 'आयएन'ने सुरू होतो. तो कार्डावर लिहायचा. कार्ड मिळालं की समोरचा माणूस तो नंबर साइटवर टाकतो, आणि मग तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो. ज्याला पाठवलं त्याच्याकडून कार्ड येत नाही, हे माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही. "मग त्याला मिळालं तर आपल्याला काय?" असं त्या दर आठवड्याला विचारतात. नोंदणी फुकट आहे. खर्च कार्डांचा, तिकिटांचा आणि माझ्या बाबतीत रिक्षाचा.

सुरुवातीला एका वेळी पाचच पत्ते मिळतात. मला जर्मनी, फिनलंड, तैवान, अमेरिका आणि नेदरलँड्स आले. महालक्ष्मीच्या देवळाभोवती साज मिळतो, चपला मिळतात, देवीचे फोटो हव्या त्या आकारात मिळतात, पण चित्राचं पोस्टकार्ड दोन तास फिरून मिळालं नाही. शेवटी मोबाइलमधला रंकाळ्याचा फोटो स्टुडिओतून चार बाय सहाच्या आकारात काढून आणला. ही चूक करू नका. फोटोच्या कागदावर जेल पेनची शाई वाळतच नाही, अंगठा लागला की नंबर गेला. आता मी डिजिटल प्रिंटवाल्याकडून जाड मॅट कागदावर छापून घेते आणि साध्या बॉलपेनने लिहिते.

तर पाच कार्डं लिहून सोमवारी पोस्टात गेले.

काउंटरवरच्या साहेबांनी वरचं कार्ड उचललं, उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाले, "परदेशात पोस्टकार्ड जात नाही, मॅडम."

मला वाटलं, त्यांच्या डोक्यात पन्नास पैशांचं पिवळं कार्ड असेल. म्हटलं, अहो, ते नाही, हे चित्राचं, मला वरून तिकिटं लावायचीत. तर म्हणे, "फॉरेनला पाठवायचं तर स्पीड पोस्ट करा." पाच कार्डांच्या स्पीड पोस्टचा आकडा ऐकून मी म्हटलं, नको. मग प्रश्न आला, "आत काय आहे?"

"आत काही नाही. कार्ड आहे. कार्डाला आत नसतं."

"आधारची झेरॉक्स आणि कस्टमचा फॉर्म लागेल." एवढं बोलून त्यांनी माझ्या मागच्या आरडी एजंट बाईंचा गठ्ठा पुढे ओढला. या देशात पोस्टकार्ड १८७९ पासून चालू आहे, पण त्या खिडकीत ते त्या दिवशी पहिल्यांदाच आलं असावं.

बुधवारी झेरॉक्स घेऊन गेले. सर्व्हर बंद. तिकीट चिकटवायला सर्व्हर कशाला लागतो, असं विचारलं तर मागच्या रांगेतून "अहो ताई, सोडा की आता" असा आवाज आला. सोडलं. शनिवारी गेले तर साहेब रजेवर, आणि त्यांच्या जागी बसलेला मुलगा "साहेबांनाच विचारा" यापुढे जायला तयार नाही.

रविवारी रात्री पोस्टाच्याच साइटवरून परदेशी टपालाच्या दरांचं पत्रक शोधलं. त्यात पोस्टकार्डाची ओळ स्वतंत्र, स्पष्ट दिलेली आहे. प्रिंट काढली, त्या ओळीखाली लाल रेघ मारली. (दर इथे मुद्दाम लिहीत नाही. तो बदलतो, आणि मग तुम्ही काउंटरवर माझ्या नावाने भांडाल. जाण्याआधी स्वतः बघा आणि कागद सोबत न्या. मोबाइलवर दाखवलेलं तिथे कुणी वाचत नाही. कागद वाचतात.)

मंगळवारी तो कागद घेऊन थेट पोस्टमास्तरांच्या टेबलापाशी गेले. त्यांनी चष्मा लावला आणि पत्रक अगदी वरच्या मथळ्यापासून वाचायला घेतलं. मी लाल रेघेवर बोट ठेवलं, त्यांनी ते सौम्यपणे बाजूला केलं आणि क्रमाने वाचत खाली आले. मग काउंटरकडे बघून म्हणाले, "जातंय की ओ! कुणी नाही म्हटलं?"

काउंटरवरचे साहेब म्हणाले, "मी कुठं नाही म्हटलं?"

मला हसू आलं नाही. आता लिहिताना येतंय.

पण तिकिटं नव्हती. म्हणजे पाच रुपयांची होती, मोठी संपलेली. "गुरुवारी येतील." थांबायची माझी तयारी नव्हती, म्हटलं, पाचाचीच द्या. आणि मग लक्षात आलं की मी कार्डावर बोटभरही जागा सोडलेली नाही. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खायला माणसं जमतात, हे जे काय मी फिनलंडच्या बाईंना इंग्रजीत जुळवून लिहिलं होतं, ते सगळं तिकिटांखाली गेलं. त्यांना "ऑन द लेक इन द इव्हनिंग" एवढंच वाचायला मिळालं. म्हणून आधी तिकिटं लावा, मग मजकूर लिहा. डिंकही घरून न्या. पोस्टातल्या बाटलीत काडी असते, डिंक असेलच असं नाही.

तरी गुरुवार उजाडलाच. अमेरिकेच्या कार्डाला तिकिटं पुरली नाहीत, आणि मी हट्टाला पेटले होते की पाचही एकत्रच जाणार. गुरुवारी मोठी तिकिटं आलेली होती. शिक्का समोर मारून मागितला. साहेबांनी पाच वेळा असा काही ठोकला, की जर्मनीच्या कार्डावरची ओली शाई वरच्या तैवानच्या रंकाळ्यावर उमटली. पाण्यात अर्धवर्तुळाकार काळा चंद्र. मी काही बोलले नाही. अकरावा दिवस होता.

त्यानंतरचं सोपं आहे. साइटवर प्रत्येक कार्डापुढे दिवस मोजले जातात. साठ दिवसांत नोंद झाली नाही तर त्याच्या बदल्यात दुसरा पत्ता मागता येतो. उशिरा पोचलं तरी वर्षाच्या आत नोंद करता येते, त्यामुळे साठाव्या दिवशी रडायचं कारण नाही. नंबर दोन ठिकाणी लिहा, एक शिक्क्याखाली जातोच. आणि टाकण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. तैवानचा पत्ता चिनी लिपीतही दिलेला होता, मी तो पाऊण तास चित्र काढल्यासारखा काढला. नंतर कळलं की छापून चिकटवला तरी चालतो.

नवव्या दिवशी पोस्टमन दारात. मला वाटलं, आलं कुणाचं तरी. त्याने कार्ड पुढे केलं आणि म्हणाला, "ताई, तुमचंच कार्ड तुम्हालाच आलंय. अक्षर वळखलं मी."

फिनलंडचं होतं. शाळेत पत्रलेखनाला दोन मार्क असायचे आणि 'प्रेषक' नाही लिहिलं तर अर्धा जायचा. त्या सवयीने मी डाव्या कोपऱ्यात आपला पत्ता पिनकोडसकट सुवाच्य लिहिला होता. टपाल वेगळं करणाऱ्या कुणीतरी तोच खरा मानला. फिनलंडचं नाव मात्र मी बारीक अक्षरात, पत्त्याच्या शेजारी कोंबलं होतं. कार्डावर स्वतःचा पत्ता लिहू नका, साइटला तो लागत नाही. देशाचं नाव शेवटच्या ओळीत, एकट्याचं, मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा.

ते कार्ड पाकिटात घालून पुन्हा पाठवलं. पाकीट बंद करण्याआधी सासूबाईंनी मागून घेतलं. त्यांच्या काळी मृत्यूची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडलेला यायचा. परत आलेलं कार्ड त्यांना तसंच काहीतरी वाटत असावं. त्यांनी चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, आई, त्या बाईंना काय कळणार? म्हणाल्या, "त्यांना नाही कळू दे."

चोवीस दिवसांनी नोंद झाली. फिनलंडच्या बाईंनी आभाराच्या दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि खाली विचारलं होतं की पिवळे-लाल डाग प्रवासात पडले की मुद्दाम केलेत. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी "मुद्दाम म्हणून सांग" एवढंच म्हटलं. पण त्या दिवसापासून कार्ड निघायच्या आधी देवघरापाशी जातं.

आतापर्यंत माझी ३१ कार्डं पोचली आहेत आणि २८ आली आहेत. जर्मनीची माणसं तारखेशेजारी त्या दिवशीचं तापमान लिहितात, ते पोस्टमन मला देण्याआधी वाचतो. "उणे चार हाय म्हणं तिकडं."

गेल्या महिन्यात काउंटरवरचे साहेब बदलून गेले. आता एक तरुण मुलगी बसते. परवा चार कार्डं पुढे केली तर तिने वरचं उचललं, उलटं केलं, सुलटं केलं.

"मॅडम, ह्याच्या आत काय आहे?"

मी पर्समधून लाल रेघेचं पत्रक काढलं.