पीओपीला गिऱ्हाईक नाही

पाडलेल्या इमारतीचा डंपर वजनकाट्यावर येऊन उभा राहिला की वरून सगळे सारखेच दिसतात. बीमचे तुकडे, विटा, गिलावा, मध्येच एखादी वाकडी सळई. खरा माल खाली असतो आणि तो ओतल्याशिवाय कळत नाही. पुण्याच्या वेशीबाहेर एका बंद पडलेल्या खाणीत आमचा राडारोड्याचा प्लांट आहे. छोटा आहे, खासगी आहे. मी तिथे क्वालिटी बघते. कागदावर क्वालिटी, बाकी गेटवर भांडणं करणं, ड्रायव्हरांची चलानं तपासणं आणि पाहुण्यांना प्लांट दाखवणं हेही माझ्याच गळ्यात असतं.

दिवाळी होऊन गेली होती. महापालिकेच्या एका बागेत चालायचा ट्रॅक होणार होता, त्याच्या पेव्हर ब्लॉकची ऑर्डर आमच्याकडे होती. दुपारी तिथले ज्युनिअर इंजिनिअर ब्लॉक बघायला येणार, म्हणून सकाळपासून यार्डात झाडलोट चालली होती. कोथरूडच्या एका सोसायटीचं रिडेव्हलपमेंट सुरू होतं, तिथला माल काही दिवस आमच्याकडे येत होता. ऐंशीच्या दशकातली चार मजली इमारत, त्यामुळे माल झकास. जुन्या काँक्रीटमधली खडी आपल्याच काळ्या दगडाची, आणि वाळू नदीची. आता नदीची वाळू नव्या बांधकामात बघायलाही मिळत नाही. आमच्या चाळणीखाली मात्र ती अजून पडते, कधीकधी शिंपल्याच्या तुकड्यासकट.

आमच्याकडे माल आधी जाळीवर पडतो, माती गळून जाते. मग जॉ क्रशरमध्ये भरडला जातो, त्यानंतर लोहचुंबक सळई ओढून घेतो, आणि पुढे वेचणीचा पट्टा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात. लाकूड, प्लॅस्टिक, चिंध्या, थर्माकोल, टाइल्सखालचे वायरचे पाइप, सगळं त्या हाताने काढतात. त्यांतल्या सगळ्यात जुन्या मावशींनी त्या सकाळी दोरी ओढून पट्टा थांबवला. दोरी ओढायची मुभा सगळ्यांना आहे, पण ओढतं कोणी नाही, कारण प्लांट थांबला की सुपरवायझर ओरडतो. मी गेले तर मावशी हात पुढे करून उभ्या. हातमोज्याची बोटं पांढरीफेक.

"मॅडम, आज पट्ट्यावर पीठ सांडलंय."

राडारोड्यात पांढरं बरंच काही असतं. जुना चुना असतो, भिंतीची पुट्टी असते, सिपोरेक्सच्या ब्लॉकचे तुकडे असतात. सिपोरेक्स हलका, उचलला की कळतो. चुना आणि पुट्टी आम्हाला फारसा त्रास देत नाहीत. त्रास देतं ते पीओपी, म्हणजे जिप्सम. ओळखायची युक्ती सोपी आहे. मी एक खडा उचलून नख ओढलं, चर उमटली. लॅबमध्ये नेऊन त्यावर बाथरूम धुवायच्या ॲसिडचे थेंब टाकले. चुना असता तर फसफसला असता, पुट्टीही फसफसली असती. हा खडा गप्प बसला. मग त्याची पूड पातळ ॲसिडमध्ये ढवळून, गाळून, वर बेरियम क्लोराइडचे दोन थेंब सोडले. नितळ पाणी बघता बघता दुधाळ झालं. सल्फेट, म्हणजे जिप्समच.

आता यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. जिप्सम सिमेंटमध्येही असतंच. सिमेंट झटकन घट्ट होऊ नये म्हणून कारखान्यातच थोडं दळून मिसळतात. पण ते मोजून मिसळलेलं असतं, आणि सिमेंट भिजल्यावर सुरुवातीलाच त्याचं काम संपतं. खडी-वाळूतून जास्तीचं जिप्सम आलं तर ते ब्लॉक घट्ट झाल्यानंतरही आत शिल्लक राहतं. पाणी मिळत राहिलं की सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी त्याची प्रक्रिया चालू होते आणि एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक वाढतात. त्यांना जागा जास्त लागते. जागा नसते, म्हणून ब्लॉक फुगतो आणि तडकतो. वाईट भाग असा की हे लगेच होत नाही. २८ दिवसांनी ताकद मोजायला प्रेसखाली ठेवलात तर तोच ब्लॉक ऐटीत पास होईल, आणि बागेत बसवल्यावर एक पावसाळा खाऊन मग दगा देईल. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकात अशा मालासाठी सल्फेटची मर्यादा आहे, ०.५ टक्के. आमचा सगळा धंदा या एका पुस्तिकेवर उभा आहे. २०१६च्या आवृत्तीत पुनर्वापराच्या खडीला पहिल्यांदा रीतसर जागा मिळाली: काँक्रीट फोडून काढलेली खडी आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत, तीही एम २५ या ताकदीच्या काँक्रीटच्या वर नाही, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम १५ च्या खालच्या कामात पूर्ण १०० टक्के. एवढी फट मिळायला इतकी वर्षं गेली. ती एखाद्या बागेतल्या फुगलेल्या ट्रॅकमुळे बंद व्हायला वेळ लागणार नाही.

चौकशी केली तेव्हा कळलं की त्याच साइटचा आदल्या संध्याकाळचा डंपर भरडून झाला होता आणि बारीक माल एका ढिगात पडला होता. तो ढीग मी ताडपत्री टाकून बंद करायला लावला. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "थोडं थोडं मिसळून संपवू की, सगळ्यात मिळून टक्का खाली येईल." कागदावर येईलही. पण पीओपी काही साखरेसारखं विरघळून सगळीकडे सारखं पसरत नाही. सरासरी चांगली आणि एका ब्लॉकच्या पोटात बोराएवढा खडा, असं होतं. तडकणारा ब्लॉक सरासरी विचारत नाही. मालक दोन मिनिटं गप्प बसले आणि "बघा मग तुम्ही" म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ होकार असा घेतात.

पुढचे दोन डंपर गेटवर अडवले. लगेच पाडकामाच्या ठेकेदाराचा फोन. हा माणूस तसा गोड बोलणारा.

"मॅडम, इमारतीतनं इमारतच निघणार ना? मी काय बाहेरून आणून टाकलं का?"

"पीओपी वेगळं काढून पाठवा, बाकी सगळं घेते."

"कोण काढणार? आणि कशाला? असू दे, तुम्ही नाही घेतलं तरी चालतंय. गाडीला रात्री जागा मिळते."

त्या जागा आम्हाला सगळ्यांना माहीत आहेत. नदीचा काठ, ओढ्याची वळणं, टेकडीची मागची बाजू. आमच्याकडे टाकायला टनामागे पैसे मोजावे लागतात, तिथे फुकट. त्यामुळे गेटवर कडक राहणं दिसतं तितकं सोपं नसतं. मी डंपर परत पाठवला की माझे ब्लॉक वाचतात आणि ओढा मरतो. या कामात मला सगळ्यात जास्त हेच खुपतं, आणि हे सेमिनारमधल्या स्लाइडवर कधी नसतं.

मग मी स्कूटर काढून साइटवर गेले.

इमारतीचे वरचे दोन मजले उतरले होते. उरलेल्यांतून विकण्यासारखं सगळं इतक्या निगुतीने काढलं होतं की बघत राहावं. सागवानी चौकटी अंगावर ओरखडा न उमटता निघालेल्या. ॲल्युमिनियमच्या खिडक्या, ग्रिल, नळ, कमोड, किचनच्या ओट्याचा ग्रॅनाइट, भिंतीतलं तांब्याचं वायरिंग. हे असंच असतं, कारण पाडणारा बऱ्याचदा बिल्डरकडून पैसे घेत नाही, उलट देतो. त्याची कमाई या भंगारात असते. ज्याला गिऱ्हाईक आहे ते हाताने, हळू निघतं. ज्याला नाही ते ब्रेकरखाली.

दुसऱ्या मजल्यावर एका हॉलमध्ये शिरले. वर पीओपीचं तीन थरांचं फॉल्स सीलिंग, मध्ये गोल, कडेने दिव्यांसाठी पन्हळी, एलईडी काढून नेलेली भोकं. इमारत बांधली तेव्हा यातलं काही नव्हतं. नंतर ज्यांनी ज्यांनी फ्लॅट नवे केले त्यांनी हे लटकवलं. तेव्हापासून माझा एक ठोकताळा झाला आहे: इमारत जितकी जुनी तितका माल चांगला, आणि इंटिरियर जितकं नवं तितका वाईट.

बिल्डरचा साइट इंजिनिअर केबिनमध्ये होता. तरुण मुलगा. मी त्याला राडारोड्याच्या २०१६च्या सरकारी नियमांची आठवण करून दिली. दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पात ३०० टनांच्या वर राडारोडा निघत असेल तर काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड-प्लॅस्टिक, विटा-गिलावा हे जागेवरच वेगळं करायचं आणि त्याचा आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा. "आहे ना मॅडम," म्हणत त्याने फाइल काढली. आराखडा होता, सहीशिक्क्यासकट. त्यात रंगीत चौकोनांत पाच वेगवेगळे ढीगही दाखवले होते. केबिनच्या खिडकीतून एकच ढीग दिसत होता. १ एप्रिल २०२६ पासूनचे नवे नियम मोठ्या प्रकल्पांवर जबाबदारी आणखी घट्ट बांधतात. चांगलंच आहे, पण रंगीत चौकोन त्यांतही काढता येतात.

काम झालं ते मुकादमाशी बोलून. कलबुर्गीकडचा माणूस, मराठी फर्मास. त्याला मी रसायनशास्त्र सांगितलं नाही. काय वेगळं हवंय ते दाखवलं. त्याने वर बघितलं, आकडेमोड केली. "दोन माणसं, एका मजल्याला एक दिवस. हजेरी कोण देणार?" प्रश्न रास्त होता. मी तिथूनच मालकांना फोन लावला. ठरलं असं, की या साइटचा पीओपीशिवायचा माल आम्ही कमी दराने घ्यायचा, त्या फरकातून हजेरी सुटेल. आणि पीओपी पोत्यांत भरून आलं तर त्याचे पैसे लावायचे नाहीत. ठेकेदार फोनवर कुरकुरला, पण हिशेब त्याला आमच्याआधी समजला होता.

मी परत आले तोवर महापालिकेचे साहेब येऊन ब्लॉक बघत होते. दोन ब्लॉक हातात घेऊन एकमेकांवर आपटायचे आणि आवाज ऐकायचा, ही तपासणी आपल्याकडे सगळ्या संहितांच्या आधीची. खणखणीत वाजले. मग ठरलेला प्रश्न: "हे कचऱ्याचे ना?" मी ब्लॉक फोडून दाखवला. वर लाल थर, तो ताज्या मालाचा. खाली करडा भाग, त्यात विटेचे लालसर कण. आमच्या खडीला जुना गिलावा चिकटलेला असतो, ती पाणी फार पिते, म्हणून आदल्या रात्री तिला भिजवून ठेवावं लागतं, नाहीतर ती सिमेंटच्या वाट्याचं पाणी ओढते. हे त्यांनी मन लावून ऐकलं. माणूस कामाचा होता.

आणि मग त्यांनी ताडपत्रीकडे बोट केलं. "तो ढीग झाकलाय का?"

माझ्या सुपरवायझरने डोळ्यांनी खुणावलं. पण खोटं सांगायचं तर आधी जुळवावं लागतं, तेवढा वेळ नव्हता. जे घडलं ते सांगितलं. साहेबांनी शांतपणे वही काढली आणि त्या साइटचा माल यायला लागल्यापासून पाडलेल्या प्रत्येक बॅचमधले ब्लॉक सल्फेटसाठी बाहेरच्या लॅबला पाठवायला सांगितलं. खर्च आमचा. ऑर्डर तोवर थांबली. मालकांनी दोन दिवस माझ्याशी फक्त व्हॉट्सॲपवर बोलणं ठेवलं.

रिपोर्ट आले. ब्लॉक सगळे मर्यादेत निघाले, ट्रॅक झाला. ताडपत्रीखालचा ढीग ०.५ च्या बराच वर होता. तो ना ब्लॉकला चालला ना काँक्रीटखाली भरायला, आजही खाणीच्या एका कोपऱ्यात पडून आहे. पोत्यांतल्या पीओपीसाठी मी एका सिमेंट कारखान्यात विचारलं. त्यांना जिप्सम लागतं, पण ट्रकच्या हिशेबाने आणि स्वच्छ. आमच्या पोत्यांत काथ्या, जाळी, ऑइल पेंटचे पापुद्रे. ते काढायचं तर आणखी दोन बायका आणि एक शेड हवी. अजून जमलेलं नाही.

परवा त्याच ठेकेदाराचा फोन आला. बाणेरला नवं काम घेतलंय, बारा मजली ऑफिसची इमारत, सगळीकडे फॉल्स सीलिंग. पांढरा माल वेगळा काढून पोत्यांत भरतो म्हणाला, स्वतःहून. फक्त पोती कुणाची, ते आधी ठरवा.