हॉयलेकच्या कार्डावर ओपन शोधताना : माझा अनुभव

लिव्हरपूलहून वेस्ट कर्बीच्या गाडीत बसून हॉयलेकला उतरलं की रॉयल लिव्हरपूल या गोल्फ क्लबचं क्लबहाउस चालत गाठता येतं. पाहुण्यांच्या वेळा मोजक्या, त्यामुळे बुकिंग बरंच आधी करावं लागतं. हँडिकॅपचा (खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला सोबत हवा. हे सोपं. डोकं खातो तो होलचा नंबर. ओपनच्या (ब्रिटनच्या मोठ्या गोल्फ स्पर्धेच्या) वर्णनात वाचलेला सोळावा आणि हातातल्या क्लबच्या स्कोअरकार्डावरचा सोळावा एकच असतील याचा भरवसा नाही.

मी कार्डाशेजारी इथल्या ओपनच्या वर्षांचे तीन रकाने आखले : 1967 पर्यंत, 2006-2014 आणि 2023.

पहिल्या रकान्यात 13 ते 15 सोडून कार्डाचाच नंबर चालतो. मात्र 1920 च्या दशकात हॅरी कोल्टने मैदानात बरेच फेरफार केले, म्हणून 1902 साली सँडी हर्डने रबरी गाभ्याचा हॅस्केल चेंडू वापरून ओपन जिंकली ते होल आज शोधत बसू नये. 2006 मध्ये ओपनसाठी कार्डावरचे 17 आणि 18 उचलून सुरुवातीला टाकले, म्हणजे शेवट पार-5 च्या (पार म्हणजे होलसाठी अपेक्षित फटके) सोळाव्यावर व्हावा. म्हणून दुसऱ्या रकान्यात कार्डाच्या नंबरात दोन मिळवायचे. इथेच बहुतेकांची गफलत होते, कारण 2023 आधी 'रशेस' हा पार-3 काढून 'लिटल आय' हा नवा पार-3 घातला. त्यामुळे 2006-2014 चा 16 वा आज कार्डावर 14 वा नाही, 13 वा आहे. तेव्हाचा 17 वा आता 14 वा.

आता खेळायला. पहिल्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागेवर) उजवीकडे सरावाचं मैदान दिसतं. ते क्लबच्याच हद्दीत, तरीही आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे खेळासाठी हद्दीबाहेर. मधली सीमा म्हणजे गवताचा बुटका बांध, त्याला 'कॉप' म्हणतात. होल उजवीकडे वळतो, म्हणून कोपरा कापायचा मोह होतो. चेंडू बांधापलीकडे गेला की एक फटका दंड आणि पुन्हा टीवरून. मी डावी बाजू धरायला सांगेन, दुसरा फटका लांब पडला तरी चालेल.

आठवा, 'फार'. 1930 च्या शेवटच्या फेरीत बॉबी जोन्स इथे दोन फटक्यांत ग्रीनजवळ (खळग्याभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळ) पोचला आणि तरी सात फटके घेऊन बसला. जिंकला तरीही, दोन फटक्यांनी. 2023 मध्ये हाच दहावा होता, पार 5 चा 4 केलेला. एकूण पार 72 वरून 71 झाला तो यामुळे.

बारावा 'हिल्ब्रे' : टायगर वुड्सने 2006 मध्ये 4-आयर्नने (लोखंडी डोक्याच्या काठीने) इथेच ईगल, म्हणजे पारपेक्षा दोन कमी फटके, केला (तेव्हाचा 14 वा). त्या आठवड्यात त्याने ड्रायव्हर (सर्वात लांब मारणारी काठी) एकदाच काढला, तो पुढच्या 'फील्ड'वर. कोरड्या, कडक जमिनीवर आयर्नचा फटकाही खूप पळतो आणि बंकर (वाळूचे खड्डे) टाळता येतात, हा त्यामागचा हिशेब.

बंकर इथे गंभीरपणे घ्या. भिंत हिरवळीच्या थरांची, जवळजवळ उभी. 2023 च्या पहिल्या दिवशी तळ सपाट ठेवल्याने चेंडू भिंतीला जाऊन चिकटत होते. दुसऱ्या दिवसापासून कडेची वाळू चढती केली. चेंडू चिकटला असेल तर आडवा किंवा मागे काढा. पंधरावा 'लिटल आय' जेमतेम 136 यार्ड, पण ग्रीन उंचावर आणि दोन्ही बाजूंना खोल बंकर. 2023 च्या त्या ओपनमध्ये भारताचा शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला होता. हा रकाना आपल्याकडच्यांनी जरूर भरावा.

सोळावा 'डन'. पुन्हा तेच सरावाचं मैदान, पुन्हा कॉप. 1967 मध्ये रॉबर्टो दे विसेन्झोने त्या कोपऱ्यावरूनच 3-वुड (लांब मारायची काठी) मारून ग्रीन गाठलं. आपण लांबच्या वाटेने, तीन फटक्यांत जावं. ओपन आता इथे संपते. कार्डावर अजून दोन होल उरतात, आणि ते दोन्ही पार-4 आहेत.