चेटकीण शाळेच्या ऑफिसात

जादूटोणा सोडलेल्या बाईने पोटापाण्यासाठी काय करावं? अमेरिकन लेखिका अ‍ॅलिस हॉफमनने 'प्रॅक्टिकल मॅजिक' या कादंबरीत तिच्या सॅली ओवेन्सला थेट शाळेत चिकटवून टाकलंय. मॅसॅच्युसेट्समधल्या चेटकिणींच्या खानदानात वाढलेली ही मुलगी, पदरात दोन पोरी घेऊन न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर येते आणि तिथल्या हायस्कुलात व्हाइस प्रिन्सिपलची मदतनीस होते. मी डोंबिवलीच्या एका शाळेत क्लार्क आहे. त्यामुळे मला किती गुदगुल्या झाल्या ते विचारू नका. जूनमध्ये आमच्या खिडकीपुढे रांग असते. कुणाला बोनाफाइड हवं, कुणाच्या दाखल्यावर आडनावाची वेलांटी चुकलेली, कुणाची जन्मतारीख आधारशी जुळत नाही. अशा टेबलावर जी बाई शांत डोक्याने बसते, तिच्या अंगात काहीतरी विद्या असणारच.

पुस्तक १९९५ सालचं. बहुतेकांना १९९८ चा सिनेमा माहीत असतो, सँड्रा बुलक आणि निकोल किडमनचा. तो बघायला छानच आहे. पण त्यात सॅली साबण-तेलांचं दुकान थाटते, आणि तिथे माझं बिनसलं. जडीबुटीच विकायची होती, तर सोडलं काय? कादंबरीतली सॅली खरंच सोडते. तिला नळाचं बिल, मुलींचे डबे आणि शेजाऱ्यांनी नीट बोलणं एवढंच हवं असतं. लहानपणी म्हाताऱ्या मावश्यांच्या घरात कशालाच धरबंध नव्हता, तेव्हा हीच पोर चोरून पाककृतींचं पुस्तक घरात आणते आणि बहिणीला रोज व्यवस्थित जेवू घालते. शाळेत जाताना मागे काळ्या मांजरांची वरात. बिचारीने सरळमार्गी व्हायचं नाही तर काय!

या पुस्तकातली मला सर्वांत आवडलेली जागा म्हणजे मावश्यांचं मागचं दार. गावातल्या ज्या बायका या घरावरून जाताना दिवसा रस्ता बदलतात, त्याच तिन्हीसांजेला मागच्या दाराशी येऊन उभ्या राहतात. 'तो माझाच झाला पाहिजे', एवढंच मागणं. दोघी बहिणी मागच्या जिन्यावर बसून चोरून ऐकतात. औषधांच्या दुकानातली एक मुलगी येते, मावश्या कबुतराच्या काळजात टाचण्या टोचून देतात, आणि तो पुरुष तिच्यामागे असा काही लागतो की तीच परत येते, हे सोडवा म्हणून. प्रेम म्हणजे काय हे सॅली त्या जिन्यावर शिकते आणि आयुष्यभर त्याला घाबरते.

दिवसा नावं ठेवायची आणि रात्री गंडादोरा मागायचा, ही रीत आपल्याला काय नवीन! फक्त आपल्याकडे ते एवढं लुटुपुटूचं नाही. नंदुरबारकडे, सातपुड्यात, एखादीला डाकीण ठरवलं की तिला मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीवसुद्धा घेतला जातो. जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ मध्ये, डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. मॅसॅच्युसेट्सच्याच सेलममध्येही १६९२ साली १९ जणांना फासावर चढवलं होतं. म्हणून 'गोड चेटकीण' छापाची पुस्तकं मी जरा हात राखून वाचते. हॉफमन मात्र गाव काय करतं ते विसरत नाही. ओवेन्स घरातल्या बायकांवर गाव दोनशे वर्षं खापर फोडत आलंय, हे पहिल्याच पानावर आहे.

प्रेमकथा उशिरा येते. बहीण जिलियन एके दिवशी गाडीत मेलेला प्रियकर घालून सॅलीच्या दारात हजर. तो दारू प्यायला की हात उचलायचा, म्हणून ही त्याला गुपचूप विषारी वनस्पती थोडी थोडी द्यायची, झोपावा म्हणून. दोघी त्याला परसात लायलॅकच्या झुडपाखाली पुरतात, आणि झुडूप अवेळी असं फुलतं की त्या वासाने शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन रडू लागतात. हे प्रकरण लेखिकेने इतकं सहज लिहिलंय की आपण 'हो का' म्हणून पुढे वाचत जातो.

मग ॲरिझोनाहून तपासाला गॅरी हॅलेट येतो. सॅलीने बहिणीला लिहिलेलं पत्र याच्या हाती लागतं, तो ते वाचतो आणि न पाहिलेल्या बाईच्या प्रेमात पडूनच दारात उभा राहतो. दुसऱ्याची पत्रं वाचणाऱ्याला आमच्याकडे मेमो मिळाला असता, इथे नायिका मिळते. तरी मला तो आवडला, कारण ती नियमांना धरून जगणारी आहे हेच त्याला भावतं. त्यांचं जमतं मात्र फार घाईत. अजून पन्नास पानं चालली असती.

शेवटी निस्तरायला मावश्याच येतात. सॅली ज्यांच्यापासून एवढी पळाली, त्यांनाच फोन करावा लागतो. मला वाटलं होतं आता लेखिका तिला पुन्हा चेटकीण करून टाकणार. तसं केलं नाही, बरं झालं. मावश्यांच्या तरुणपणाची वेगळी कादंबरी २०१७ मध्ये आलीय, 'द रूल्स ऑफ मॅजिक', १९६० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमधली. पुढच्या शनिवारी हाफ डे आहे, तेव्हा सुरू करीन.