आधी बैठक, मग जाळी

कबुतरांच्या हाईडबद्दल, म्हणजे शिकारीसाठी शेतात जाळी लावून बांधतात त्या आडोशाबद्दल, इथे इंग्लंडमध्ये कोणालाही विचारा, जाळी कुठली घ्यावी, डिकॉय (नकली कबुतरं) किती लावावेत, मॅग्नेट (डिकॉय गरगर फिरवणारं बॅटरीवरचं यंत्र) लागतो का, यावर तासभर बोलतील, पण बसायचं कशावर असं विचारलं की उत्तर एकच, "काहीही चालतं, एखादं स्टूल घे." अजिबात चालत नाही काहीही. सकाळी आत शिरलं की दुपार उलटेपर्यंत तिथेच, त्यातला बराचसा वेळ आकाशात चिटपाखरू नसतं आणि मग अचानक तीन कबुतरं पंख आवळून खाली येतात आणि तुमचा पाय मात्र झोपलेला.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, नाहीतर फॅमिली ग्रुपसारखं इथेही सुरू होईल (हरियाल आपला राज्यपक्षी आणि हा तिकडे कबुतरं मारतो वगैरे). मी लिंकनशायरमध्ये राहतो आणि हे इंग्लंडबद्दल आहे, भारतात शिकारीला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. इथलं वुडपिजन म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या डक्टमधला पारवा नव्हे, हे चांगलं अर्धा किलोचं धूड, मानेवर पांढरा पट्टा, आणि हिवाळ्यात रेपसीडच्या कोवळ्या पानांवर थवेच्या थवे उतरतात. रेपसीड म्हणजे मोहरीच्याच कुळातलं पीक. पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी म्हणून जनरल लायसन्सखाली (वेगळा अर्ज न करता सगळ्यांना लागू होणारा सरकारी परवाना), म्हणजे जीएल ४२ च्या अटी पाळून, शेतमालकाची परवानगी घेऊन मारता येतात, शॉटगनचं सर्टिफिकेट पोलिसांकडून वेगळं. आणि मारलेली खाल्लीही जातात, आमच्याकडे सुक्क्या मटणाच्या मसाल्यात. असो.

तर सीट. माझं म्हणणं असं की हाईड सीटच्या हिशोबाने बांधायची असते, आणि लोक नेमकं उलटं करतात. जाळीची वरची कड बसल्यावर साधारण हनुवटीच्या खाली यायला हवी, म्हणजे डोळे जाळीवरून बघतात, बंदूक जाळीला न अडकता वर येते आणि बाकी सगळा माणूस झाकलेला. आता सीट बुटकी असेल तर जाळी खाली ओढावी लागते, मग उभं राहिलात की कमरेपासून वर सगळे उघडे. सीट उंच असेल तर जाळीही उंच, आणि कुंपणाच्या झुडपांपुढे नसता बुरूज उभा राहतो. म्हणून आधी बसा, मग जाळीचे खांब वरखाली करा.

उंचीचं सोपं माप म्हणजे गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत, बूट घालून. मांड्या सरळ किंवा पुढे किंचित उतरत्या राहिल्या पाहिजेत. आपल्याला मांडी घालून, पाटावर बसून जेवायची सवय, त्यामुळे बुटकं स्टूल काय वाईट असं वाटतं, पण तिथे गुडघे छातीशी येतात, बंदुकीचा दस्ता खांद्याऐवजी पोटात घुसतो आणि कंबर फिरत नाही. जेवायला पाट उत्तम, नेमबाजीला नाही.

आणि कंबर फिरणं हाच सगळा खेळ आहे. कबुतर वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, म्हणून वारा पाठीमागून घेऊन बसायचं आणि डिकॉय घोड्याच्या नालासारखे मांडून मध्ये वीस-पंचवीस यार्डांवर मोकळी जागा ठेवायची, पक्षी तिथे यावा म्हणून. पण वारा काय आपला नोकर नाही, अकरा वाजता फिरतो आणि पक्षी बाजूने यायला लागतात. उजव्या खांद्यावरून मारणारा डावीकडे सहज वळतो, उजवीकडे मात्र लवकर अडकतो, त्यामुळे त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून बसायचंच नाही, तिच्या थोडं उजवीकडे तोंड करायचं, म्हणजे ती जागा डाव्या हाताच्या बाजूला येते. डावखुऱ्यांनी उलटं. फिरती सीट असेल तर निम्मा प्रश्न सुटतो, पण ती करकरता कामा नये. पक्षी चेहऱ्याआधी हालचाल बघतो हे खरं, पण स्टूलाची करकर ऐकून आपण स्वतःच दचकतो आणि हलतो.

दुकानात सगळ्यात मोहात पाडते ती हात असलेली घडीची खुर्ची, मासे पकडणारे वापरतात तसली, पाठ आहे, कपाला भोक आहे. नको. हातांमुळे कोपर उघडत नाही, दस्ता कापडात अडकतो आणि मागे रेलून बसलात की डोकं दस्त्यावर येतच नाही, पक्ष्याच्या मागे मारत बसाल. हात कापून टाका म्हणे एकजण, मग खुर्ची उरते कुठे. एका पायाची शूटिंग स्टिक हवेलीतल्या साहेबांसाठी, पाच मिनिटं टेकायला. तीन पायांचं स्टूल खडबडीत जमिनीवर डगमगत नाही, चार पायांचं डगमगतं, पण तीन पायांचं बाजूला झुकलं की सरळ कलंडतं, आणि भरलेली बंदूक हातात असताना कलंडणं ही गंमत नाही. शिवाय इथली ओली चिकणमाती, बारीक पाय असलेलं काहीही तासाभरात एका बाजूने खचतं. पायांखाली प्लायवूडचा तुकडा टाका किंवा आधी टाचेने जागा सपाट करून घ्या.

मी ज्यावर येऊन थांबलो ते म्हणजे झाकणाची जाड प्लॅस्टिकची बादली, वीस-पंचवीस लिटरवाली, वर फिरती गादी. दिसायला भिकार. पण तळ रुंद त्यामुळे खचत नाही, आवाज नाही, आणि मुख्य म्हणजे आत सामान जातं. अडीचशे काडतुसांचा खोकाच अकरा-बारा किलो भरतो, त्यात जाळी, खांब, डिकॉय, मॅग्नेटची बॅटरी, हे सगळं नांगरलेल्या शेतातून पाय ओढत न्यायचं तर नुसती बसायच्या कामाची वस्तू कोण उचलणार? उंच माणसाला बादली कमी पडते, त्याने खाली फळी टाकावी किंवा गादी जाड घ्यावी. गादी पाणी न शोषणारी, बंद पेशींच्या फोमची. जानेवारीत ओल्या बुडाने दोन तास काढले की नेम वगैरे सगळं सुटतं, फक्त घर आठवतं.

पाठीला टेका नाही ही बादलीची खरी उणीव, ती मी मान्य करतो, पण टेका खुर्चीतच असायला पाहिजे असं कुठे आहे. झाडाच्या बुंध्याशी बसा, पाठीमागे दाट कुंपण असेल तर आकृतीही लपते. ऑगस्टमध्ये गहू कापल्यावर शेतकऱ्याला विचारून पेंढ्याच्या छोट्या गठ्ठ्या घेतल्या तर एक बसायला, एक पाठीला, फुकटात राजेशाही, फक्त हल्ली बहुतेक जण ते प्रचंड मोठे गठ्ठेच करतात, त्यावर चढायला शिडी लागेल. मेजर आर्ची कोट्स म्हणून हॅम्पशायरमध्ये एक होते, कबुतरं मारणं हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा, १९६२ च्या जानेवारीत त्यांनी एका दिवसात साडेपाचशे मारली. आकडा वाचून लोक त्यांच्या नेमाबद्दल बोलतात. मला आधी त्यांच्या कंबरेचं कौतुक वाटतं.

घेण्याआधी ट्रायल नक्की घ्या. घरात, बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून, आणि पडदे लावून, नाहीतर समोरची म्हातारी पोलिसांना फोन करेल आणि तिचं काही चूक नसेल. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, मग बसल्या जागेवरून हात न टेकता उठा. उठताना हात टेकावा लागला तर ती सीट तुमच्यासाठी नाही, कारण शेतात त्या हातात बंदूक असते.

दोघं असाल तर दोन सारख्या उंचीच्या सीट, शेजारी शेजारी, आणि एका वेळी एकानेच मारायचं, दुसऱ्याची बंदूक रिकामी. कुत्रा असेल तर त्याच्यासाठीही एक गोणपाट न्या, नाहीतर तुम्ही पक्षी उचलायला बाहेर पडलात की तो तुमच्या गादीवर चिखलासकट बसलेला सापडतो आणि उठायला तयार नसतो.