आमची वाटचाल : तुटलेला टायमिंग बेल्ट आम्ही का जपून ठेवलाय

ठाण्यात वागळे इस्टेटमधला आमच्या गॅरेजचा पहिला गाळा भाड्याचा होता. २००८ सालची गोष्ट. दोन गाड्या आत घेतल्या की तिसरी रस्त्यावर. लिफ्ट नव्हती, जॅक लावून खाली पाठीवर झोपून काम करायचं. मी, एक फिटर आणि एक हेल्पर. तेव्हा यायच्या त्या वॅगन-आर, सँट्रो आणि टुरिस्टच्या इंडिका.

मग २०१२ ला डस्टर आली, २०१३ ला इकोस्पोर्ट, २०१६ ला ब्रेझा, २०१७ ला नेक्सॉन. घोडबंदर रोडच्या नव्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जिकडेतिकडे उंच गाड्या दिसायला लागल्या. पाच-सहा वर्षं वापरून पहिल्या मालकांनी त्या विकल्या आणि दुसऱ्या मालकाबरोबर त्या आमच्या दारात आल्या.

२०१९ मध्ये कळव्याचे एक काका अशीच एक डिझेल गाडी दाखवायला घेऊन आले. सहा वर्षं जुनी, ७२ हजार किलोमीटर, सौदा ४ लाख ८० हजारांचा. निवृत्तीच्या पैशातून घेत होते. मी कापूरबावडीपर्यंत फेरी मारली, खालून बघितली. धूर नाही, आवाज नाही. म्हटलं, "काका, घ्या बिनधास्त." दोन महिन्यांनी गायमुखच्या चढाला गाडी बंद पडली, टोइंग करून आणावी लागली. कव्हर उघडलं तर टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा रबरी पट्टा, तुटलेला; दात एका बाजूने सोलून निघालेले, रबराला उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ सुटतो आणि ते एकमेकांवर आदळतात. इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवलं, वाकलेले व्हॉल्व्ह बदलले. बिल झालं ६२ हजार. वेळेवर बदलला असता तर बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून १२ हजारांत काम झालं असतं.

काका चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दादा, तुम्हीच बघितली होती ना?" मजुरी मी घेतली नाही, पण त्या प्रश्नाने मला कित्येक रात्री झोप लागली नाही. बेल्ट शेवटचा कधी बदलला, हे मी विचारलंच नव्हतं. किलोमीटर कमी असले तरी रबर वयाने म्हातारं होतं. म्हणून कंपनी किलोमीटर आणि वर्षं दोन्ही सांगते. जे आधी भरेल ते धरायचं. तो बेल्ट आज ऑफिसात माझ्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला आहे.

त्यानंतर आम्ही कागद सुरू केला. कुणी जुनी गाडी घेण्याआधी दाखवायला आणली की तोंडी शेरा देत नाही. येत्या वर्षभरात तिच्यात काय काम निघेल आणि त्याला साधारण किती रुपये लागतील, हे लिहून देतो. बदलल्याची पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरतो. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते. ती सहसा तुटत नाही, पण सैल झाली की सकाळी पहिल्या स्टार्टला खुळखुळते.

ठाण्यात कागदावर सगळ्यात जास्त वेळा काय लिहावं लागतं, तर क्लच. माजिवड्यापासून मानपाड्यापर्यंत संध्याकाळी अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत न्यायची म्हटल्यावर प्लेट झिजणारच. पेट्रोल गाडीत प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून आमच्याकडे ९ ते १३ हजार होतात. काही डिझेल गाड्यांत मात्र क्लचला जोडून ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा. ते गेलं असेल तर इंजिन बंद करताना खालून खडखड येते. मग हाच आकडा ४५ हजारांवर जातो. त्यामुळे डिझेल गाडी बघताना मी ती दहा वेळा चालू-बंद करतो. विकणारा वैतागला तरी चालेल.

सस्पेन्शनला खड्डे पुरून उरतात. लिंक रॉड आणि बुश हजार-दोन हजारांत होतात, त्यांना घाबरू नका. दोन्ही लोअर आर्म आणि पुढचे शॉकअप एकदम निघाले तर १५ हजार धरा. एसीची कूलिंग कॉइल स्वतः फार महाग नाही, पण बऱ्याच गाड्यांत तिच्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांत बसणाऱ्या) डिझेल गाड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. ज्यांचं रोजचं धावणं घर ते स्टेशन एवढंच आहे, त्यांना मी डिझेल घेऊच नका म्हणतो. घेतलीच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा नाशिक महामार्गावर पडघ्यापर्यंत जाऊन या.

२०२२ मध्ये रबाळ्याला दुसरा गाळा घेतला, तिथे दोन लिफ्ट आहेत. ऐरोली-घणसोलीची गिऱ्हाइकं आता तिकडेच जातात. तिथली पोरं पाण्यात बुडालेली गाडी माझ्यापेक्षा लवकर ओळखतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतात, कारण धुणारा तिथपर्यंत पोचत नाही आणि चिखलाची रेघ तिथे राहते. मग सीटचे रूळ गंजलेत का ते. मीटर मागे फिरवल्याचा संशय आला तर टायरवरचे चार आकडे वाचतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटरवर २० हजार आणि चारही टायर २०२३ चे, तर पहिले टायर एवढ्यात कसे झिजले हे विकणाऱ्याला विचारतात.

बदललेला प्रत्येक जुना पार्ट आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात देतो. घरी न्या किंवा इथे टाका, पण बघून टाका.

काकांनी मागच्या महिन्यात जावयाला पाठवलं होतं. गाडी चांगली होती, बेल्टची पावती नव्हती. कागदावर १२ हजार लिहिले, विकणाऱ्याने १० हजार कमी केले.

गाडी दाखवायची असेल तर आम्हाला सकाळी बोलवा, आणि विकणाऱ्याला सांगा की आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. थंड इंजिनाचा पहिला आवाज आम्हाला ऐकायचा असतो.