तुम्ही विचारलंत म्हणून: हात तेच, धनी वेगळा

मी मालिकांचे संवाद लिहिते. त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही गाठतो आणि लेखनाच्या शिबिरातही. गेल्या महिन्यात भाचीने विचारला. "मावशी, अमेरिकेत एनबीसी, सीबीएस, एबीसी अशी एवढी मोठी, जुनी नेटवर्कं आहेत. मग तू कौतुक करतेस त्या सगळ्या मालिका एचबीओच्याच कशा? तिथले लेखक जास्त हुशार असतात का?"

लेखक तेच असतात. हे मी अगदी छातीवर हात ठेवून सांगते.

डेव्हिड चेसचं घ्या. 'द सोप्रानोज' ही माफियातल्या एका माणसाची मालिका उभी करण्याआधी हा माणूस वीसेक वर्षं नेटवर्कसाठीच राबत होता. 'द रॉकफर्ड फाइल्स', 'नॉर्दर्न एक्स्पोजर' अशा मालिकांवर त्याने काम केलं. सोप्रानोजचा पहिला भाग त्याने आधी फॉक्स या नेटवर्कसाठी लिहिला होता, त्यांनी तो घेतला नाही. 1999 च्या जानेवारीत तो एचबीओवर लागला. डेव्हिड सायमनची गोष्टही अशीच. तो 'बाल्टिमोर सन'चा क्राइम रिपोर्टर. त्याच्या पुस्तकावरून एनबीसीने 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट' काढली, ती 1993 ते 1999 चालली, आणि तिथेच तो पटकथा लिहायला शिकला. चांगली मालिका होती ती, मी आजही कुणालाही बघायला सांगेन. पण त्याने पुढे एचबीओवर केलेली 'द वायर' तिथे झाली नसती. माणूस तोच, बाल्टिमोर तेच, पोलीस खातंही तेच. बदलला तो पैसे देणारा.

नेटवर्क घरात फुकट येतं. खर्च जाहिरातदार उचलतो आणि त्या बदल्यात त्याला प्रेक्षक मोजून हवा असतो, त्यातही 18 ते 49 वयाचा. म्हणजे नेटवर्कचं गिऱ्हाईक जाहिरातदार आणि बघणारे आपण त्याला विकला जाणारा माल. एचबीओ 1972 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरे या गावी सुरू झालं ते वर्गणीवर. मध्ये जाहिराती नाहीत. वर्गणीदाराने मंगळवारी रात्री काय पाहिलं याची तिथे फारशी फिकीर नसते. महिना संपताना वर्गणी चालू ठेवावीशी वाटली की झालं. घरातल्या एकाचाही एखाद्या मालिकेवर जीव जडला तरी जोडणी टिकते. नेटवर्कला मात्र सगळ्यांना थोडं थोडं आवडेल आणि कुणालाच खुपणार नाही असं काहीतरी लागतं. 'द वायर'ला प्रेक्षक कायम कमीच होते. एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार, तर एकही मिळाली नाही. तरी 2002 ते 2008 या काळात तिचे पाच सीझन झाले, 60 भाग झाले. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे यायची वाट बघणाऱ्या माझ्यासारखीला या एका वाक्याने भरून येतं.

पुष्कळांना वाटतं, फरक शिव्यांचा आणि उघड्या अंगांचा. तो आहे, पण लहान आहे. हवेतून येणाऱ्या प्रक्षेपणाला अमेरिकेत सरकारी आयोगाचे अश्लीलतेचे नियम लागतात, वर्गणीच्या चॅनेलला लागत नाहीत, एवढाच तो मामला. खरी मोकळीक वेगळीच आहे. नायक प्रेक्षकाच्या मनातून उतरला तरी चालेल, ही ती मोकळीक.

सोप्रानोजच्या पहिल्या सीझनचा पाचवा भाग बघा. नायक टोनी सोप्रानो मुलीला कॉलेजं दाखवायला मेन राज्यात घेऊन गेलाय. गाडीत बापलेक बोलतायत, ती त्याला सरळ विचारते की तुम्ही माफियात आहात का. आणि वाटेत त्याला एक जुना गडी दिसतो, पोलिसांना फितून नाव बदलून राहिलेला. टोनी त्याचा माग काढतो आणि स्वतःच्या हाताने त्याचा गळा आवळतो. कॅमेरा तोंड फिरवत नाही, आपल्याला सगळं बघावं लागतं. मग तो मुलीला घ्यायला कॉलेजवर जातो. प्रेक्षक त्याचा तिटकारा करतील म्हणून एचबीओवालेही धास्तावले होते. चेसचं म्हणणं होतं की टोनीने त्याला सोडलं तर हा माणूसच खोटा ठरेल. त्यांनी त्याचं ऐकलं. त्या भागाच्या लेखनाला पुढे एमी मिळाली. या 'ऐकलं'वर मी नेहमी थांबते. साबणाची जाहिरात त्या गळा आवळण्याला लागून लावायची असती तर कुणी ऐकलं असतं?

आणि वेळ. नेटवर्कच्या एका तासात गोष्टीला मिळतात बेचाळीस-चव्वेचाळीस मिनिटं, तीही चार-पाच तुकड्यांत. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी धक्का द्यायचा, जाहिराती संपल्या की धागा पुन्हा हातात द्यायचा. असे वर्षाला बावीस भाग. सोप्रानोजला तेरा. बावीस भाग भरायचे म्हटल्यावर गोष्टीत पाणी घालावंच लागतं, हे मला कुणी सांगायला नको. आमचे तर आठवड्याला सहा भाग जातात. आधी करून ठेवलेल्या भागांची बँक संपली की सकाळी लिहिलेला सीन दुपारी शूटिंगच्या फ्लोअरवर असतो.

इथे माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एका मालिकेत मी एक सीन लिहिला होता. आईला मुलाच्या अपघाताचा फोन येतो. ती फोन ठेवते. गॅस बंद करते. मळलेल्या कणकेवर ताट झाकते. मग भिंतीला टेकून खाली बसते. शब्द एकही नाही. संध्याकाळी चॅनेलच्या क्रिएटिव्ह टीममधल्या पोरीचा फोन आला. "ताई, ती बोलत का नाही? बायका पोळ्या लाटताना मालिका ऐकतात. त्यांना कळणार कसं?" मी आठ ओळी लिहून दिल्या. ती रडत रडत देवाला, नवऱ्याला, मुलाला हाका मारते, असं. पडद्यावर तेच गेलं.

त्या पोरीचं चुकलं नव्हतं. माझी आई अशीच बघायची, पाठ टीव्हीकडे, हात परातीत, "जरा आवाज वाढव गं" म्हणत. दिवसभर राबणाऱ्या बाईला हात रिकामे न ठेवता गोष्ट मिळावी, यात कमीपणा नाही. पण कानाने बघण्यासाठी लिहिलेल्या गोष्टीत माणसांना मनातलं सगळं बोलून दाखवावं लागतं. अमेरिकन नेटवर्कवरचा डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला, त्याला आधीच ठाऊक असलेला आजार समजावून सांगतो तो याचसाठी. बघणारा नुकताच फ्रीजपाशी जाऊन आलेला असतो.

आता 'द वायर'च्या पहिल्या सीझनचा चौथा भाग. बंक आणि मॅकनल्टी हे दोन डिटेक्टिव्ह एका रिकाम्या स्वयंपाकघरात शिरतात. महिन्यांपूर्वी तिथे एका तरुणीचा खून झालाय. फरशीवर फोटो मांडले जातात, टेप उलगडली जाते. पुढची चार-पाच मिनिटं दोघं एकाच शिवीशिवाय काहीही बोलत नाहीत. तीच शिवी, कधी कपाळाला आठ्या घालून, कधी पुटपुटत, कधी हळूच, काहीतरी उमगल्यासारखी. गोळी कुठून आली असेल हे ते अंगाने करून बघतात. मग फ्रीजच्या दारातून पकडीने गोळी बाहेर निघते आणि खिडकीबाहेर, अंगणात काडतुसाची पुंगळी सापडते. खून कसा झाला हे आपल्याला एकही वाक्य न ऐकता कळतं. पार्श्वसंगीतही नाही. त्या मालिकेत ते जवळजवळ नसतंच, गाणं ऐकू आलं तर ते कुणाच्या तरी गाडीतल्या रेडिओवर लागलेलं असतं. परातीत हात घालून हा सीन बघता येत नाही. समोर बसावं लागतं. आणि तुम्ही समोर बसाल, हा भरवसा त्या लेखकाला होता. मला त्याचा हेवा वाटतो तो या भरवशासाठी.

नेटवर्कवर उत्तम काही झालंच नाही, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. 'हिल स्ट्रीट ब्लूज' 1981 ची, एनबीसीची. तिने पोलिसांच्या मालिकेला एकाच वेळी अनेक गोष्टी चालवायला शिकवलं. एनबीसीच्याच 'द वेस्ट विंग'ने 2000 पासून सलग चार वर्षं सर्वोत्तम नाट्यमालिकेची एमी घेतली, त्यातली तीन वर्षं सोप्रानोज शर्यतीत असताना. सोप्रानोजला ती 2004 मध्ये मिळाली, केबलवरच्या मालिकेला पहिल्यांदाच. आणि जाहिराती असूनही एएमसी या केबल चॅनेलने 2007 मध्ये 'मॅड मेन' आणली, कारण अशा चॅनेलला केबल कंपन्या घरामागे ठरावीक रक्कम देतात. लोक जिच्याविषयी बोलतात अशी एक मालिका असली की ते चॅनेल काढून टाकणं केबलवाल्याला जड जातं. तिथेही धनी थोडा बदलला होता, आणि तेवढ्याने पुरलं.

भाचीचा पुढचा प्रश्न होता, सुरुवात कुठून करू. वायरपासूनच कर, म्हटलं. पहिले तीन भाग नावं लक्षात राहणार नाहीत, कोण पोलीस आणि कोण गर्दुल्ला हेही कधी कधी कळणार नाही, कारण कुणीही तुझ्यासाठी थांबून समजावणार नाही. दिवा मालव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. त्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलीस की मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.